क्रोएशियातील १९०८ ची निवडणूक

निवडणूक झाली म्हणजे लोकांच्या हाती सत्ता आली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने १९०८ च्या फेब्रुवारीत क्रोएशियात झालेल्या निवडणुकीकडे अवश्य लक्ष द्यावे.

क्रोएशिया-स्लाव्होनिया हे राज्य त्या काळी हाब्सबर्ग साम्राज्यात असून १८६८ च्या करारान्वये हंगेरीस जोडलेले होते. झाग्रेब येथे त्याची साबोर नावाची स्वतंत्र विधिसभा होती. परंतु कारभाराचा मुख्य जो बान, त्याची नेमणूक हंगेरीच्या मुख्य प्रधानाच्या शिफारशीने राजा करी. म्हणजे वही लिहावयाची लोकांनी आणि तिजोरीची किल्ली मात्र परक्याच्या कनवटीस! मताचा हक्क तरी किती जणांस? शंभर रहिवाशांमागे अवघ्या दोघांस. त्यांत सरकारी नोकरांचा भरणा मोठा, आणि मतही सर्वांसमक्ष तोंडाने सांगावयाचे.

बान खूएन-हेडरव्हारी याने १८८३ पासून वीस वर्षे क्रोआट व सर्ब या दोन समाजांत तेढ वाढवून राज्य चालविले. अखेर दोघांसही शहाणपण सुचले. १९०५ मध्ये त्यांचे पुढारी एकत्र आले व त्यांनी व्हिएन्नाशी झगडणाऱ्या हंगेरियन विरोधी पक्षास हात दिला. त्या पक्षास १९०६ मध्ये अधिकार मिळाला. पण १९०७ मध्ये त्याच मंत्रिमंडळातील व्यापारमंत्री फेरेन्त्स कोशूट यांनी रेल्वेच्या नोकरांस क्रोएशियातही हंगेरियन भाषा आवश्यक करणारा कायदा आणला. स्वातंत्र्यवीर लायोश कोशूट यांच्या पुत्राच्या हातून हे व्हावे, यापरते दुर्दैव कोणते? बुडापेस्टच्या सभेतील क्रोआट प्रतिनिधींनी आपल्या भाषेत लांबलचक भाषणे करून कायदा अडवून धरला, पण व्यर्थ.

पुढे १९०८ च्या आरंभी पाव्हाओ राउख हा बान झाला व त्याने निवडणूक लावली. अधिकाराचे सर्व बळ त्याच्या बाजूस असता निकाल काय लागला? ८८ जागांपैकी ५७ जागा क्रोआट-सर्ब संयुक्त पक्षाने जिंकल्या आणि बानाच्या पक्षास एकही मिळाली नाही! पोटाची भाकरी सरकारच्या हाती असता, उघड्यावर उभे राहून ज्यांनी सरकारविरुद्ध मत दिले, त्यांच्या धैर्याची तारीफ करावी तितकी थोडीच.

पण राउख जागचा हलला नाही. साबोर कामास लागण्यापूर्वीच विसर्जित झाली. मतपेटीने जे साधले नाही ते न्यायासनाकडून साधावे, असा पुढचा डाव होता. १९०९ मध्ये ५३ सर्बांवर राजद्रोहाचा खटला भरून ३१ जणांस शिक्षा ठोठावण्यात आल्या. पुढे तो निकाल टिकला नाही. त्याच वर्षी इतिहासकार फ्रीडयुंग याने संयुक्त पक्षाच्या पुढाऱ्यांवर सर्बियाशी संधान बांधल्याचा आरोप केला. व्हिएन्नाच्या न्यायालयात त्याचे आधारभूत कागद बनावट ठरले, व लाज सरकारचीच गेली.

१९१० मध्ये मताधिकार कित्येक पटींनी वाढविण्यात आला. तरी १९१२ मध्ये राज्यघटनाच तहकूब करून सरकारी आयुक्ताचा अंमल बसविण्यात आला. मतदार वाढले, पण कारभाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार त्यांस मिळाला नव्हता, हे त्याचे कारण.

तर मग ती निवडणूक फुकट गेली काय? आमच्या मते नाही. ज्या दोन समाजांस वीस वर्षे झुंजविले, ते एकजुटीने उभे राहू शकतात, ही साक्ष तिने जगापुढे दिली. पण साक्ष म्हणजे निवाडा नव्हे. म्हणून कोणत्याही देशाच्या निवडणुकीचे मोल ठरविताना किती जणांनी मते दिली एवढेच विचारून भागत नाही. हरलेला सत्ताधारी दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडतो की नाही, हे पाहिले पाहिजे.