एकट्याचे ओझे

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी जो निर्णय दिला, त्याचे मर्म आमच्या विद्यापीठांना उमगले आहे असे म्हणवत नाही. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असा हा आदेश आहे. २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या; त्यांतील सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते. आपल्या विद्यापरंपरेचा अभिमान मिरविणाऱ्या राज्याने यावर मान खाली घालावयास हवी.

परंतु एका समुपदेशकाने हा प्रश्न कितपत सुटेल? दोन हजार विद्यार्थ्यांचे महाविद्यालय घ्या. दिवसाला पाच भेटी आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले, तर एक हजार भेटी होतात. सर्वांनाच मदत लागत नाही हे खरे. पण ज्याला लागते त्याचे एका भेटीत भागत नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच समूहोपचाराच्या मार्गाकडे अधिकाऱ्यांनी गंभीरपणे पाहावे, असे आम्हांस वाटते.

हा मार्ग नवा नाही. १९०५ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ प्रॅट यांनी गरीब क्षयरोग्यांना एकत्र जमवून उपदेश करण्यास आरंभ केला, आणि या रोग्यांना परस्परांच्या सहवासाने धीर येतो असे त्यांना आढळले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने उभारलेल्या मुक्तांगण केंद्रात व्यसनमुक्तीसाठी येणारी माणसे एकमेकांसमोर मन उघडे करीत आली आहेत. व्यसनी माणसाला जे लाभते, ते परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेल्या विद्यार्थ्याला का लाभू नये?

पुणे-सोलापूर रस्त्यावरील भांडगावासारख्या गावातून पुण्यास शिकावयास येणाऱ्या मुलाचा विचार करा. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा तो पहिलाच असेल. गावात हुशार म्हणून नावाजलेला हा मुलगा येथे इंग्रजी व्याख्यानापुढे मुका होतो. फीसाठी वडिलांनी काढलेले कर्ज तो जाणतो. म्हणून घरी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. आपणच तेवढे कमी पडलो, या समजुतीने तो आतून खचत जातो. आठ-दहा जणांच्या मंडळात शेजारचा मुलगा हीच व्यथा आपल्या तोंडाने सांगू लागला की त्या समजुतीचा पाया ढासळतो. हेच समूहोपचाराचे पहिले औषध होय.

मात्र हे काम हौशी हातांचे नव्हे. मंडळ लहान असावे, दर आठवड्यास ठरल्या वेळी भरावे, आणि चालक प्रशिक्षित असावा. तेथे ऐकलेले बाहेर जाऊ नये, हा नियम सर्वांनी प्रथमच मान्य करावा. विद्यार्थ्याचे गुण ज्यांच्या हाती आहेत, असे प्राध्यापक तेथे नसावेत. सभागृहात शेकडो मुले बसवून दिलेले प्रेरणादायी व्याख्यान म्हणजे समूहोपचार नव्हे. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार घोळत आहेत, त्याला मंडळावर न सोडता तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. १४४१६ हा शासनाचा ‘टेलिमानस’ क्रमांकही प्रत्येक वसतिगृहात ठळकपणे लावावा. आणि हे सारे मराठीत व्हावे. परक्या भाषेत परीक्षा देता येते. रडता येत नाही.

‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती आहेच. ती घालविण्याचे काम आम्हां मध्यमवर्गीय पालकांचेही आहे. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शाळेत शिकविले आहे. मागच्या बाकावर मुकाट बसणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘स्वभाव शांत’ असा शेरा लिहिला, की आपले कर्तव्य संपले असे तेव्हा वाटे. त्या शांततेमागे काय आहे, हे विचारण्याचे सुचले नाही. ती चूक पुनःपुन्हा करण्याची मुभा आता कोणासही नाही.

विद्यापीठांनी येत्या सत्रापासून निदान मोठ्या महाविद्यालयांत अशी मंडळे सुरू करावीत, चालकांच्या प्रशिक्षणाचा भार उचलावा, आणि त्यासाठी शासनाने वेगळी तरतूद करावी. न्यायालयाचा आदेश पाटीवर एक नाव रंगवून पाळता येईल. पण मुले वाचतील ती कोणी त्यांचे ऐकून घेतले तरच.