परवल, पिन आणि खासगीपणा

'पासवर्ड'साठी मराठीत 'परवलीचा शब्द' ही संज्ञा रूढ आहे. रात्रीच्या पहारेकऱ्यास ओळख पटविण्यासाठी सांगावयाचा ठरलेला शब्द म्हणजे परवल. तिच्या अर्थातच वापराचा नियम आहे: परवल दाराशी सांगावयाची, वाटेत गाठून ती विचारणारा पहारेकरी नव्हे.

'ओटीपी' या आद्याक्षरी संज्ञेत हा बोध उरत नाही. ती एकदाच चालणारी परवल आहे, हे न उमगल्याने 'बँकेतून बोलतोय, आलेला नंबर सांगा' म्हणणाऱ्यास सुशिक्षितही तो सांगून मोकळे होतात. 'पिन'चेही तसेच. यूपीआयमध्ये पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही नाही. तरी 'पैसे जमा होण्यासाठी पिन टाका' या थापेला माणसे फसतात. मला विचाराल तर त्यास 'देणेअंक' म्हणावे. शब्द ओबडधोबड खरा, पण थाप मारणाऱ्याची अडचण करील.

'प्रायव्हसी'साठी योजला जाणारा 'गोपनीयता' हा शब्द मात्र मला खटकतो. गोपनीय म्हणजे लपविण्याजोगे. 'माझ्याजवळ लपविण्यासारखे काय आहे?' हा प्रश्न त्यातूनच निपजतो. दार लोटून घेणारा काही लपवीतच असतो असे नाही. 'खासगीपणा' हा शब्द अधिक नेमका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना मराठीतही वाचण्याचा पर्याय मिळावयास हवा. त्या सूचनेतील मराठी जर केवळ लिप्यंतरित इंग्रजी असेल, तर तिच्याखाली दिलेली संमती जाणतेपणी दिली असे म्हणता येणार नाही.