मिठाचे माप व मातांची हाडे

नीरा डाव्या कालव्याखाली बारामती-इंदापुराकडील कित्येक जमिनी अतिपाण्याने खारवट झाल्या. क्षार वाढला की पीक खुंटते, हे आमचा शेतकरी जाणतो. मग देहाविषयीच ही बेपर्वाई का? मीठ अधिक खाल्ल्यास मूत्रावाटे कॅल्शियमही अधिक जाते, आणि पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडे तशीही झपाट्याने झिजू लागतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस दिवसाकाठी ५ ग्रॅमांहून कमी मीठ सांगते. परंतु घरचे दूध डेअरीस जाते, आणि मागाहून जेवणाऱ्या माउलीच्या ताटात पुष्कळदा भाकरी, ठेचा व लोणचेच उरते. तेव्हा केवळ मीठ कमी करून भागणार नाही. दूध, तीळ व नाचणी यांचा वाटाही तिला मिळाला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्यांनो, आज रात्री आईचे ताट अवश्य पाहा.