लढाई कमी, गाणी जास्त!

आमच्या शुक्रवार पेठेतील मुलांनी मागच्या महिन्यात ‘टेगुकी’ हा २००४ सालचा कोरियन युद्धपट पाहिला. १९५० च्या कोरियन युद्धात ओढले गेलेले दोन सख्खे भाऊ, हे त्याचे कथानक. मुले भारावून गेली होती. आम्ही विचारले, ‘बाबांनो, परक्यांच्या युद्धात आपल्या सोलापूरचाही एक माणूस गेला होता. त्याचा चित्रपट पाहिलात काय?’ कुणीच पाहिला नव्हता. म्हणून गेल्या रविवारी एका घरी टीव्हीवर व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ लावला. बायाबापड्यांसह वीसेक जण जमले.

द्वारकानाथ कोटनीस १९१० साली सोलापुरात जन्मले. जपानने चीनवर आक्रमण केले, तेव्हा १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात ते होते. जखमी सैनिकांची सेवा करीत ते तिकडेच राहिले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, फेफऱ्याच्या आजाराने वारले.

चित्रपट संपला आणि मते सुरू झाली. पोरे म्हणाली, ‘लढाई कमी, गाणी जास्त!’ सगळे हसले. मग एक निवृत्त फौजी काका गंभीरपणे म्हणाले, ‘१९६२ साली चीननेच आपल्यावर हल्ला केला. त्यांच्यासाठी मेला तो देशभक्त कसा?’

कुणी बोलेना. शेवटी दवाखान्यात आयाचे काम करणारी आमची एक भगिनी म्हणाली, ‘काका, वॉर्डात रक्ताने भिजलेला माणूस आला तर आम्ही आधी त्याचे गाव विचारायचे का?’ आम्ही भर घातली की, कोरियन युद्धातही स्वतंत्र भारताने लढाऊ फौज धाडली नाही. १९५० साली लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली वैद्यकीय पथक पाठविले. काका म्हणाले, ‘मलाही पट्टी बांधणारा भेटला म्हणून मी आज इथे बसलोय. पण चीनचे मला पटत नाही.’ त्यांच्या मतालाही मान दिला पाहिजे.

बायकांना काळजी वेगळीच. ‘त्या बाईचे पुढे काय झाले?’ आम्ही सांगितले, मुलगा यिनहुआ वडील गेले तेव्हा काही महिन्यांचा होता. तोही डॉक्टरकी शिकत असताना १९६७ साली गेला. को चिंगलान स्वतः २०१२ पर्यंत हयात होत्या, भारतातही अनेकदा येऊन गेल्या. हे ऐकून घरात शांतता पसरली.

आमच्या शेजारची एक मुलगी बारावी झाली आहे. तिला नर्सिंगला जायचे आहे. ‘रात्रपाळी असते’ म्हणून वडील अडून बसलेत. निघताना तिची आई त्यांना एवढेच म्हणाली, ‘तो पोरगा चीनला गेला. आपली फक्त पुण्याला जाणार.’ वडील काही बोलले नाहीत, चपला घालून निघाले.

वाचकहो, प्रवेशअर्ज भरायला अजून चार दिवस आहेत. आम्ही उद्या त्यांच्याकडे चहाला जाणार आहोत.