तीन नंबरचा बावटा आणि खोल समुद्रातली बोट

डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला देवगडच्या बंदरात एकाएकी ६८ बोटी येऊन थांबल्या. त्यातल्या ६६ केरळच्या, दोन तमिळनाडूच्या. वर ९५२ माणसं. ओखी वादळाने त्यांना घरापासून शेकडो किलोमीटर उत्तरेला आणून सोडलं होतं. हे वाचले. केरळ आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावरचे शेकडो मच्छीमार मात्र मेले किंवा कायमचे बेपत्ता झाले.

ओखीने फार वेळच दिला नाही. २९ नोव्हेंबरला ते कमी दाबाचं क्षेत्र होतं, दुसऱ्या दिवशी चक्रीवादळ झालं. पण खरी मेख वेगळीच होती. खोल समुद्रातले मच्छीमार आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांचा बर्फ, डिझेल आणि शिधा भरून निघतात. इशारा निघाला तेव्हा ते कधीच पुढे गेले होते. मोबाइलचा सिग्नल किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरवर संपतो. त्यापुढे हवामान खातं कितीही अचूक बोललं तरी ऐकणारं कोणी नसतं.

आपल्याकडच्या इशाऱ्याची भाषाच किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी घडवलेली आहे. बंदरावर इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा चढतो आणि पत्रक निघतं: वारे ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. जो आधीच ६० मैल आत आहे त्याने काय करायचं? त्याला हवं असतं ते दुसरंच: वादळ कुठल्या बाजूने सरकतंय, सर्वांत जवळचं सुरक्षित बंदर कोणतं, तिथे पोहोचायला किती तास हातात आहेत.

पत्रकातले आकडेही उलगडून सांगावे लागतात. ‘लाटांची उंची तीन मीटर’ म्हणजे प्रत्येक लाट तीन मीटरची नव्हे. ठरावीक वेळात आलेल्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्याच पाण्यात एखादी लाट जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहा मीटरच्या घरात उठू शकते, आणि होडी उलटायला तेवढी एक पुरते. वाऱ्याचंही तसंच. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ५० चा वारा ६५ चा झाला की त्याचा धक्का सुमारे ७० टक्क्यांनी वाढतो. ‘झोत ६५ पर्यंत’ हे तीन शब्द तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, सर्वांत आधी ऐकू जायला हवेत, पण ते नेहमी वाक्याच्या शेपटाला असतात.

उष्ण कटिबंधातल्या समुद्राचा अंदाज बांधणं मुळातच अवघड. दुपारी स्वच्छ असलेल्या आकाशात ढगांचा डोंगर उभा राहतो, तासभर झंझावात होतो आणि सगळं निवळतं. असा झंझावात नेमका कुठे, किती वाजता येणार, हे आजचा संगणकही छातीठोकपणे सांगू शकत नाही. कधी तर वारा पडलेला असताना लाट येते. हजारो किलोमीटरवर, दक्षिण महासागरात उठलेली ही लांब लाट केरळात ‘कल्लक्कडल’ म्हणून ओळखली जाते. चोरासारखा येणारा समुद्र, असा तिचा अर्थ. आता हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था तिचाही इशारा आधी देते.

शास्त्रज्ञांना दोष देण्याचं कारण नाही, उलट त्यांचं कौतुकच व्हायला हवं. अरबी समुद्र आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. वर्षाला सरासरी एखादं वादळ पाहणाऱ्या या समुद्राने २०१९ मध्ये पाच पाहिली, त्यातली क्यार आणि महा एकाच वेळी. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा पूर्वसूचनेमुळे हजारो लोक आधीच हलवले गेले होते.

पण इशारा पोहोचणं वेगळं आणि पाळला जाणं वेगळं. मे २०२१ मध्ये तौक्ते येणार हे अनेक दिवस आधी ठाऊक होतं. तरीही मुंबईपासून सुमारे ३५ सागरी मैलांवर पी-३०५ ही बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच राहिली. नांगर निसटले, बार्ज वाहत गेली, आदळली आणि १७ मेला बुडाली. ती आणि ‘वरप्रदा’ टगबोट मिळून ८० हून अधिक जीव गेले. तिथे रेडिओ होता, अंदाज होता, वेळ होता. परतण्याचा निर्णय मात्र वेळेत झाला नाही.

छोट्या होडीवाल्याचा हिशेब याहून साधा आहे. बावटा लागला म्हणून चार दिवस होडी धक्क्यावर राहिली तर भरलेला बर्फ वितळतो, खलाशांचा खर्च चालूच राहतो आणि डिझेलची उधारी डोक्यावर बसते. वादळ आलंच नाही तर पुढच्या बावट्यावरचा विश्वास तेवढा कमी होतो. इशारा पाळल्याची किंमत एकट्या मच्छीमाराने मोजावी, हे अन्यायाचं आहे. २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात इशाऱ्यांमुळे बुडालेल्या दिवसांसाठी केरळ सरकारने मच्छीमार कुटुंबांना प्रत्येकी ३,००० रुपये मंजूर केले होते. रक्कम छोटी, पण तत्त्व बरोबर.

उपग्रहाने खोल समुद्रात संदेश पोहोचवणारं ‘जेमिनी’ हे यंत्र २०१९ मध्ये आलं. ते प्रादेशिक भाषांत बोलतं, पण त्याच्यावरून मदत मागता येत नाही. दुतर्फा संदेशाचे एक लाख ट्रान्सपाँडर बोटींवर मोफत बसवण्याची ३६४ कोटींची योजना २०२४ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्राने यात दोन गोष्टी स्वतःहून कराव्यात. हा ट्रान्सपाँडर चालवायचं शिक्षण धक्क्यावर येऊन, तांडेलाच्या बोलीत द्यावं. आणि बावट्याचे जे दिवस मासेमारी बंद राहील, त्या दिवसांची भरपाई अर्ज न मागवता, नोंदणीकृत बोटीच्या मालकाच्या आणि खलाशांच्या खात्यात थेट जमा करावी.