तार काढून पाहा

आमचे एक स्नेही हॅम आहेत. म्हणजे हौशी रेडिओचा परवाना, गच्चीवर अँटेना आणि घरच्यांनी नाद सोडलेली एक खोली. परवा पुण्यात त्यांच्याकडे गेलो तर संगणकावर नकाशा उघडलेला होता आणि त्यावर मोटारी, घरे, हवामान केंद्रे यांची इवली इवली चित्रे पसरली होती. प्रत्येकाखाली कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे सांकेतिक नाव. मधूनच एखादी मोटार टुणकन पुढे सरके. ‘उद्या भूकंप झाला, मोबाइल बंद पडले, तरी आमची माणसे कुठे आहेत ते इथे दिसणार,’ स्नेही म्हणाले. आम्ही सहज विचारले, ‘मग इंटरनेटची तार काढू का?’

त्यांनी स्वतःच काढली, पण जरा नाखुशीने. आधी गेला तो नकाशा. बाजूला सरकवला तर नुसते राखाडी चौकोन, कारण रस्ते आणि गावेसुद्धा नेटवरूनच येत होती. चित्रे मात्र जागच्या जागी. कुणी पुसेपर्यंत ती तशीच राहतात. यादी पुसली आणि चहा घेत बसलो. पाऊण तासाने पडद्यावर दोन कॉलसाइन उमटली होती. त्यांतले एक स्नेह्यांचेच.

या प्रकाराला एपीआरएस म्हणतात. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले अभियंते बॉब ब्रुनिंगा यांनी १९८२ साली अ‍ॅपल संगणकावर नौदलाच्या जहाजांची स्थाने नकाशावर मांडली, तिथे याचे मूळ. दोन वर्षांनी त्यांनी व्हिक-२० या बाळसंगणकावर त्याची सुधारलेली आवृत्ती लिहिली, ती शंभर मैलांच्या घोड्यांच्या शर्यतीसाठी. कुठला घोडा कुठवर पोचला आणि त्याची प्रकृती कशी आहे, हे कळावे म्हणून. सामान्य माणसाच्या हाती जीपीएस नव्हते तेव्हाची ही गोष्ट. घोडा कुणीतरी डोळ्यांनी पाहायचा आणि कळवायचा. नावातला ‘पी’ हा पोझिशनचा नसून पॅकेटचा आहे आणि ही यंत्रणा गाड्यांवर पाळत ठेवण्यासाठी नसून आत्ता, या परिसरात काय चालले आहे ते परस्परांना कळवण्यासाठी आहे, हे ब्रुनिंगा २०२२ साली वारले तोवर कानीकपाळी ओरडत राहिले. लोकांनी ऐकले नाही. हलणारा ठिपका पाहण्यात जी गंमत आहे ती निरोप वाचण्यात कुठून असणार?

पण ठिपका म्हणजे तरी काय? सेकंदाला १२०० बिट, म्हणजे आजच्या हिशेबाने बैलगाडीच. रेडिओवर ऐकाल तर ‘खर्रर्र’ असा क्षणभराचा आवाज, १२०० आणि २२०० हर्ट्‌झच्या दोन सुरांचा. त्यात कॉलसाइन, अक्षांश-रेखांश, गाडी की घर हे सांगणारे चिन्ह आणि दोन शब्दांची टीप. स्थानाचे पॅकेट पोचले की नाही याची पोच येत नाही. दोघे एकदम बोलले तर बहुधा दोघांचेही वाया. कुणी मरायला टेकलेल्या बॅटरीवरून शेवटचा ठिपका टाकला आणि गप्प झाला, तरी नकाशावर तो दिमाखात उभा. नकाशा ‘आहे’ म्हणतो तेव्हा ‘होता’ असे वाचायचे, आणि किती वाजता होता ते शेजारच्या रकान्यात पाहायचे. किती जण पाहतात?

आकड्यांची एक गंमत तर नवशिके हमखास करतात. एपीआरएसला अक्षांश अंश आणि मिनिटांत लागतो. मोबाइल सांगतो दशांशात. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश, म्हणजे १८ अंश ३१ मिनिटे. कुणी घाईने १८५२ असेच टाकले की यंत्र ते १८ अंश ५२ मिनिटे समजते आणि सदाशिव पेठेतले घर उत्तरेला सुमारे ३९ किलोमीटर, राजगुरुनगरच्या अक्षांशावर जाऊन बसते. एरवी हसून सोडून द्यावे. पण पुरात अडकलेल्याने हीच चूक केली तर बोट कुठे धाडणार?

इंटरनेट या खेळात नंतर आले. आयगेट नावाची केंद्रे रेडिओवर ऐकलेली पॅकेटे नेटवर चढवतात आणि मग फिनलंडमधल्या एका हॅमने चालवलेल्या नकाशावर जगभरचे ठिपके घरबसल्या दिसतात. सोय मोठी, यात वाद नाही. पण आता असेही झाले आहे की मोबाइलमधले अ‍ॅप रेडिओला हातही न लावता, थेट नेटवरून ठिपका टाकते. म्हणजे रेडिओविना रेडिओचा ठिपका! चित्र तेच, मोटार तीच. फरक कळतो तो पॅकेटची मूळ ओळ उघडून पाहिली तरच. तिथे मार्गात ‘टीसीपीआयपी’ लिहिले असेल तर हा गडी हवेत कधी बोललाच नाही असे समजावे. पॅकेट रेडिओवर ऐकलेले असेल आणि मार्गातल्या एखाद्या डिजिपीटरच्या, म्हणजे ऐकलेले पॅकेट पुन्हा हवेत सोडणाऱ्या केंद्राच्या, नावापुढे फुली असेल, तर त्याने ते पुढे ढकलले. फुलीच नसेल तर तुमच्या अँटेनाने ते स्वतः ऐकले. या शेवटच्या प्रकाराचे मोल आमच्या लेखी बाकी सगळ्यांहून जास्त आहे, आणि तोच सगळ्यांत कमी दिसतो.

तार काढून काही मिळतच नाही, असे मात्र नाही. त्याच संध्याकाळी स्नेह्यांनी रिग, म्हणजे रेडिओ संच, १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर लावली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातला डिजिपीटर तेव्हा चालू होता. स्थानक डोक्यावरून जाते तो अवधी जेमतेम दहा मिनिटांचा. तेवढ्यात पडद्यावर चार ओळी आल्या. एक केरळातली, एक थायलंडची. वर राखाडी चौकोन, त्यावर दोन ठिपके, आणि खोलीत आमच्यासह तीन माणसे श्वास रोखून. सकाळच्या झगमगत्या नकाशाने असा एकही क्षण दिला नव्हता. १ एप्रिल २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही सी-४५ च्या चौथ्या टप्प्यावर अ‍ॅमसॅट इंडियाने असेच एपीआरएस यंत्र बसवले होते. एरवी कचरा म्हणून फिरत राहणारा तो टप्पा. त्याच्यामार्फत ठिपका पाठवायला खाली कुठल्या कंपनीचा टॉवर लागत नव्हता. आपल्याकडे ही अक्कल नाही असे नाही. तालुक्याच्या टेकडीवर बॅटरीसह एक डिजिपीटर बसवून तो वर्षानुवर्षे चालू ठेवायला जी चिकाटी लागते, तिथे आपली गाडी अडते. नकाशा उघडायला दोन मिनिटे पुरतात, टेकडी चढायला रविवार जातो.

कुणी म्हणेल, हौस आहे, करू द्या की मजा. जरूर करा. पण हाच नकाशा आपत्तीच्या सरावात जिल्ह्याच्या साहेबांपुढे मोठ्या पडद्यावर लावला जातो आणि साहेब मान डोलावतात, तिथे हौस संपते. साहेबांना ठिपका दिसतो, तो कुठून आला ते दिसत नाही. ते सांगण्याचे काम परवाना असलेल्याचे.

तेव्हा हॅम मंडळींना एवढीच विनंती. पुढच्या सरावाआधी रस्ते-गावांचा नकाशा संगणकात उतरवून ठेवा. मग तार काढा, यादी पुसा आणि पाऊण तास थांबा. त्यानंतर जे पडद्यावर असेल तेवढेच साहेबांना दाखवा.