नेटमधले पगारी गोलंदाज

शरदात वेम्ब्ली आणि टॉटनमला एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचे, सामने झाले की स्लाऊच्या मराठी घरांतही ‘रनिंग बॅक’चा विषय निघतो. चेंडू काखोटीला मारून धिप्पाड गड्यांच्या फळीतून पळत सुटायचे, हे त्याचे काम. या पेशाच्या पहिल्या पिढीत फ्रिट्झ पोलार्ड हे कृष्णवर्णीय खेळाडू होते. १९२० साली त्यांच्या ॲक्रन प्रोजने लीगचे पहिलेच विजेतेपद मिळवले. पुढच्या वर्षी प्रशिक्षकपदाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तरी सामन्याआधी कपडे बदलायला त्यांना संघमालकाच्या सिगार कारखान्यात जावे लागे. ते पडले की प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर झेप घेत. म्हणून पडताक्षणी पाठीवर लोळायचे आणि पाय हवेत झाडायचे, ही युक्ती त्यांनी अंगी बाणवली.

अव्हेरातून कौशल्य घडण्याची हीच गोष्ट त्याआधी पुण्यात घडली होती. गोऱ्यांच्या क्रिकेट क्लबात बाळू पालवणकर खेळपट्टी लाटत, नेट लावत. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणेही त्याच पगारात आले. फलंदाजी साहेबांनी करायची. चर्मकार समाजातल्या या नोकराच्या हाती बॅट सहसा येत नसे. त्या तासन्‌तासांच्या राबणुकीतूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. पुढे हिंदूंच्या क्रिकेट संघाला ती हवीच होती, पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर, हातात फेकून द्यायचे मातीचे भांडे. बाकीचे आत, चिनी मातीच्या कपांसह. दोघांच्याही कौशल्याला आकार दिला तो खेळाने जितका, तितकाच अव्हेराने, असे आमचे मत आहे. त्याचे श्रेय मात्र अव्हेर करणाऱ्यांना देण्याचे कारण नाही.

१९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडला आला. कर्णधार होते १९ वर्षांचे पतियाळाचे महाराज. त्यांची पात्रता काय, हे वेगळे सांगायला नको. संघाने प्रथम श्रेणीचे १४ पैकी १० सामने गमावले. त्याच पडझडीत बाळूंनी दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. दौऱ्यातला एक सामना ऑक्सफर्डलाही झाला. पॅडिंग्टनहून तिकडे जाणारा लोहमार्ग आपल्या स्लाऊतूनच जातो.

मायदेशी सत्कार झाले, हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र बाळूंना दिले गेले नाही. ते १९२३ साली मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, तेही भावंडांनी आधी संघावर बहिष्कार टाकून दाखवल्यावर. अमेरिकेत तर उलटी पावले पडली: १९३४ पासून तब्बल एक तप लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पोलार्ड यांना ‘हॉल ऑफ फेम’मध्ये २००५ साली जागा मिळाली. त्यांना जाऊन तेव्हा १९ वर्षे झाली होती.